घाशीरामाचा निवाडा

खलपुरुषाचा निकाल देण्यात आपण मराठी प्रेक्षक फार घाई करतो. पहिल्या अंकाचा पडदा पडून चहा येईपर्यंत वाईट कोण हे आपल्या मनात पक्के झालेले असते, आणि पुढचा सारा वेळ त्याला शिक्षा कधी होते याची वाट पाहण्यात जातो. विजय तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’चे वाचन आमच्या उधन्याच्या मंडळात झाले तेव्हाही याहून वेगळे घडले नाही. पोटची मुलगी विकून जो कोतवाली घेतो तो माणूस मुळापासून किडलेला, त्याच्या सुधारण्याची भाषाच नको, असे बहुतेक ज्येष्ठ सभासदांचे मत पडले. दोघा-तिघा तरुणांनी परिस्थितीकडे बोट दाखवून पाहिले. पुण्याने त्याला छळले, म्हणून तो तसा झाला, असे त्यांचे म्हणणे. त्यांच्या बोलण्याला फारसा मान मिळाला नाही. आम्हांस मात्र ही दोन्ही मते आळशी वाटतात. पहिल्यात माणसाकडे पाहायचे राहून जाते, दुसऱ्यात त्याच्या कृत्याकडे.

एखादा खलपुरुष उद्धाराच्या पलीकडे गेला आहे असे आपण म्हणतो, तेव्हा नेमके काय मोजतो? गुन्ह्यांची बेरीज मोजतो असे वरकरणी वाटते. परंतु आपल्या रंगभूमीवरचा अनुभव निराळा आहे. राम गणेश गडकऱ्यांचेच उदाहरण घेऊ. गडकरी तसे आपले शेजारी. त्यांचा जन्म १८८५ सालचा, आपल्या नवसारीतला, आणि त्यांच्या निधनानंतर महिन्याभरात, फेब्रुवारी १९१९ मध्ये, ‘एकच प्याला’चा पहिला प्रयोग गंधर्व नाटक मंडळीने केला तोही बडोद्यास. त्या नाटकात नशेच्या भरात स्वतःचे मूल मारतो तो सुधाकर. सिंधूच्या मरणाला कारण होतो तोही सुधाकरच. तळीराम कोणाचा जीव घेत नाही. तो मित्राच्या हाती पेला देतो, मदिरामंडळाची थट्टेखोर व्यवस्था पाहतो, आणि मरणाच्या दारातही त्याची विनोदबुद्धी शाबूत असते. बेरजेने पाहिले तर सुधाकराचे पारडे कितीतरी जड भरेल. तरीही शंभर वर्षे मराठी प्रेक्षक सुधाकरासाठी डोळे पुसत आला आणि तळीरामावर हसून झाल्यावर त्याला त्याने सोडून दिले. कारण उघड आहे. आपण काय केले हे सुधाकराला कळते, आणि त्या कळण्याखाली तो मोडून पडतो. तळीरामाला कळण्याजोगे काही आहे असे वाटतच नाही.

याच गडकऱ्यांनी ‘पुण्यप्रभावा’त (१९१६) खलपुरुषाचे मन पालटूनही दाखविले आहे. वसुंधरेच्या सत्त्वापुढे वृंदावन नमतो. हा प्रवेश प्रभावी असेल, पण खरे सांगायचे तर आमचा त्यावर कधीच विश्वास बसला नाही. त्यात वृंदावनाचे स्वतःचे असे काही घडत नाही. विजय वसुंधरेचा होतो आणि वृंदावन हा त्या विजयाचा पुरावा म्हणून उभा राहतो. गडकऱ्यांना पुण्याची ताकद दाखवायची होती, पाप्याची वाटचाल दाखवायची नव्हती. खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’त (१९०७) तर तोही प्रश्न नाही. प्रेक्षकांना कीचकात लॉर्ड कर्झन दिसत होता. कीचकाला पश्चात्ताप झाला असता तर नाटकाचा हेतूच बुडाला असता, आणि १९१० साली सरकारला त्यावर बंदी घालण्याची गरजही कदाचित पडली नसती. काही खलपुरुष असे असतात, की त्यांना सुधारू न देणे ही लेखकाची निकड असते. त्यांच्यावर न्यायाधीश होऊन बसण्यात अर्थ नाही.

देवलांनी ‘झुंझारराव’ (१८९०) लिहून ‘ऑथेल्लो’ मराठीत आणले, त्यामुळे शेक्सपिअरचा यागो आपल्यालाही परका राहिला नाही. त्याची गोष्ट इथे ध्यानात ठेवण्याजोगी आहे. सारे उघडकीस आल्यावर तू हे का केलेस, असे त्याला विचारतात, आणि तो यापुढे एक शब्दही बोलणार नाही असे सांगून गप्प होतो. हे गप्प बसणे त्याच्या सगळ्या कारस्थानांपेक्षा अधिक थंड आहे. खलपुरुषाचा निवाडा त्याच्या हातून काय घडले यापेक्षा, घडून गेल्यावर ‘हे माझे’ असे तो म्हणू शकतो की नाही यावर व्हावा, असे आम्हांस वाटते. या कसोटीवर ‘घाशीराम कोतवाल’ घासून पाहिले की आपला सुरुवातीचा निकाल फिरू लागतो.

कथा वाचकांना ठाऊक असली तरी तिचे टप्पे पुन्हा समोर असावेत. कनोजी ब्राह्मण घाशीराम पोटासाठी पुण्यात येतो. बावनखणीत गुलाबीच्या दारी चाकरी करतो, नाचतो. नाना फडणविसांचा पाय मुरगळतो तेव्हा त्याखाली आपली पाठ देतो, आणि त्याबद्दल मिळालेला कंठा लगेच हिसकावला जातो. पुढे दक्षिणेच्या गर्दीत त्याच्यावर चोरीचा आळ येतो. मार, कोठडी आणि शेवटी पुण्याबाहेर हकालपट्टी. इथे तो शपथ घेतो, की परत येईन आणि या पुण्याची डुकरांची वस्ती करून सोडीन. नाटकातला हा क्षण इतका जोरकस आहे की पुष्कळ वाचक इथेच थांबतात. छळलेला माणूस सूड घेणार, हिशेब पूर्ण झाला, असे त्यांना वाटते.

परंतु तेंडुलकरांनी हिशेब इतका सरळ ठेवलेला नाही. छळ झाला म्हणून माणूस शिव्याशाप देईल, दरोडा घालील, खूनही करील. घाशीराम तसे काही करीत नाही. तो आपल्या मुलीला, ललितागौरीला, नानांच्या नजरेस पडू देतो आणि मोबदल्यात शहराची कोतवाली मागून घेतो. पुण्याने त्याच्यावर केलेल्या अन्यायातून ही कल्पना आपोआप निघत नाही. ती त्याची स्वतःची आहे. सौदा ठरवताना तो पुरता शुद्धीवर असतो, आणि ‘परिस्थितीने घडविला’ हे तरुण सभासदांचे म्हणणे नेमके इथे तोकडे पडते. त्यानंतरची त्याची राजवट सर्वांना आठवते. रात्रीच्या परवान्यांचा जाच, घराघरांतली झडती, संशयितावर लादलेले अग्निदिव्य, आणि तापलेला गोळा हातावर ठेवताना होणारा तो आक्रोश. ही क्रूरता अंगावर येते खरी. पण आमच्या मते नाटकातील घोर पाप तिच्याआधीच होऊन गेलेले आहे, एका शांत बोलणीत, आवाज न चढवता.

त्याच बोलणीच्या दुसऱ्या टोकाला नाना आहेत. घाशीराम कोतवालीची सनद घेऊन जातो आणि नाना एकटे उरतात. त्यांचे ते स्वगत ज्याने लक्षपूर्वक वाचले त्याला पुढचे नाटक वेगळे दिसते. या उपऱ्याला आपण का नेमले, हे ते स्वतःशी हिशेबासारखे मांडतात. याला इथे कोणी सोयरा नाही, म्हणून हा कारस्थान्यांना मिळणार नाही. हा पुणेकरांना रगडील आणि त्यांचा राग त्याच्यावर जाईल. आपण केलेलेही त्याच्या खाती पडेल. नको झाला की दूर करता येईल. इथे एक बारकावा आहे. घाशीराम जे करतो ते त्याच्या नावावर राहते. नाना जे करतात ते करण्याआधीच दुसऱ्याच्या नावावर चढवून ठेवतात. पाप करणारे पुष्कळ असतात, पापाची नोंद आगाऊ दुसऱ्याच्या वहीत करून ठेवणारा विरळा. व्यापारी शहरात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना हे हिशेबाचे रूपक जरा लवकरच कळावे.

गौरी बाळंतपणात मरते. घाशीराम तिच्यासाठी स्थळ शोधीत असतो. तिचे मरण कळल्यावर तो चवताळून नानांपुढे उभा राहतो. आमच्या मते साऱ्या नाटकाची किल्ली याच प्रवेशात आहे. या एका क्षणी घाशीरामाला वाट मोकळी होती. कोतवाली फेकून देता आली असती, नानांचा गळा धरता आला असता, निदान शहरभर ओरडून सांगता आले असते. नाना आधी घाबरतात, मग सावरतात, मग उपदेश करू लागतात. कोण मारतो, कोण मरतो, सारी त्या वरच्याची इच्छा, अशा अध्यात्माच्या गोष्टी ते सांगतात. आणि घाशीराम मान खाली घालून कोतवालीवर परत जातो. या परत जाण्याला आम्ही त्याचा दुसरा सौदा म्हणतो. पहिल्या सौद्यात निदान मुलीला चांगले घर मिळवून देऊ अशी अंधुक आशा असेल. दुसऱ्यात तीही नव्हती. ‘मुळापासून किडलेला’ म्हणणाऱ्या ज्येष्ठांनी खरे तर या प्रवेशाचा आधार घ्यायला हवा होता. त्यांनी तो घेतला नाही, कारण चर्चा अग्निदिव्यातच अडकली.

मग शेवट. घाशीरामाच्या बागेतली फळे तोडली म्हणून पकडलेले परगावचे ब्राह्मण अरुंद कोठडीत कोंडले जातात आणि गुदमरून मरतात. (इतिहासातही १७९१ साली पुण्यात तेलंगी ब्राह्मणांच्या बाबतीत असेच घडले, आणि १७७७ पासून कोतवाल असलेला घाशीराम सावळदास जमावाच्या दगडांखाली मेला. मोरोबा कान्होबांनी १८६३ सालीच त्याच्यावर कादंबरी लिहिली होती.) खवळलेले पुणे नानांच्या वाड्यावर येते. नाना क्षणाचाही विलंब न लावता घाशीरामाला त्यांच्या स्वाधीन करण्याच्या हुकुमावर सही करतात. त्याची धिंड निघते, दगड पडू लागतात. आणि इथे घाशीराम बोलतो. तो दया मागत नाही. नानांचे नाव घेऊन आपली सुटका करून पाहत नाही, खरे तर तसे करण्याइतके सत्य त्याच्याजवळ होते. आपण लोकांच्या छातीवर नाचलो, पण आपल्या लेकीच्या जिवाचे मातेरे केले, आणि शिक्षा व्हायला हवी ती त्यासाठी, असे तो जमावाला सांगतो. त्याला दगड हवे असतात. जमाव मारतो आहे ब्राह्मणांसाठी, तो मरतो आहे गौरीसाठी. एकाच क्षणी दोन वेगळे खटले चालले आहेत आणि त्यातला खरा खटला फक्त आरोपीला ठाऊक आहे.

म्हणून आमचे मत असे, की घाशीराम उद्धारापलीकडे गेलेला खलपुरुष नाही. तो अति दुष्ट आहे. पण ‘हे माझे’ हे शब्द त्याच्या तोंडी येतात, उशिरा आणि निरुपयोगी का होईना. नानांच्या तोंडी ते येत नाहीत. घाशीराम मेल्यावर नाना येतात, शहरावरचे संकट टळल्याचे जाहीर करतात, उत्सवाची आज्ञा देतात. यागो निदान गप्प तरी बसला. नाना बोलतात, आणि त्या बोलण्यात आपल्या वाट्याचे काही होते याची पुसटशी जाणीवही नसते. नाटकात नाव घाशीरामाचे, दगड घाशीरामाला, आणि सुधारणेची शक्यता ज्याच्यात कणभरही उरलेली नाही तो पात्र-नाना मंगलवाद्यांच्या गजरात सुखरूप घरी जातो.

पात्र-नाना असे आम्ही मुद्दाम लिहिले. साडेतीन शहाण्यांतील एक म्हणून ज्यांचे नाव आपल्या घरांत आदराने घेतले जाते ते नाना फडणवीस आणि हे पात्र यांची गल्लत केल्यामुळेच १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात पहिला प्रयोग झालेले हे नाटक एकोणीस प्रयोगांनंतर मूळ संस्थेने थांबविले, आणि पुढे थिएटर अकॅडमी स्थापन करून कलावंतांना ते पुन्हा उभे करावे लागले. हे ऐतिहासिक नाटक नव्हे, असे तेंडुलकर वेळोवेळी सांगत राहिले. इतिहासातील नानांची थोरवी मोजायची तर कागदपत्रे आहेत, आणि तिथे आमचाही हात आदराने जोडलेला असेल. एकच माणूस एका घरात थोर आणि दुसऱ्या घरात लुटारू असतो, हे सुरतेत राहणाऱ्याला तर वेगळे सांगायला नको. १६६४ आणि १६७० या दोन सालांची गोष्ट आपल्या घरी ज्या सुरात सांगितली जाते, त्या सुरात ती शेजारच्या घरी सांगत नाहीत, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. तो इतिहासाचा वाद झाला. रंगमंचावरच्या नानांना मात्र नाटकाबाहेर साक्षीदार नाही. जे आहे ते संहितेत आहे, आणि त्यावरूनच निवाडा करायचा.

आमच्या मतावर एक आक्षेप घेता येईल आणि तो आम्हांस सोडवत नाही. घाशीरामाने कबुली दिली ती कोणापुढे? ज्या जमावाला गौरीशी काही देणेघेणे नव्हते त्याच्यापुढे. ज्या मुलीचा अपराध केला ती मेलेली. साऱ्या नाटकात गौरीच्या वाट्याला बोलणे जवळजवळ आलेलेच नाही. तिला विचारून कोतवाली घेतली गेली नव्हती, आणि क्षमा करण्याच्या वेळी ती हजर नाही. तेव्हा सुधारण्याची शक्यता असणे ही एक गोष्ट आणि क्षमा मिळणे ही दुसरी. पहिली आम्ही घाशीरामाला देऊ करतो. दुसरी देण्याचा अधिकार आमचा नाही, कोणाही प्रेक्षकाचा नाही. ‘एकच प्याला’त मरता मरता सिंधू नवऱ्याला पाठीशी घालते, त्यामुळे प्रेक्षकाचे काम सोपे होते. तेंडुलकरांनी हे सोपेपण आपल्याला दिलेले नाही. तो पन्नास वर्षांपूर्वीचा त्यांचा कठोरपणा आज अधिकच योग्य वाटतो.

आता त्या भिंतीविषयी. बारा ब्राह्मणांची जी मानवी भिंत रंगमंचावर उभी असते ती कधी पडदा होते, कधी कीर्तनाचा समुदाय, कधी बावनखणीतले शौकीन, कधी जमाव. भास्कर चंदावरकरांचे संगीत आणि कृष्णदेव मुळगुंदांचे नृत्यलेखन यांमुळे ती इतकी लोभस वाटते की प्रेक्षक तिच्या तालावर मान डोलावतो. पण घाशीरामाला पहिल्यांदा चोर म्हणते ती भिंतच, आणि शेवटी दगड उचलते तीही भिंतच. मधल्या काळात आपल्यापैकी कोणाचे काय चुकले हे तिच्यातल्या एकालाही आठवत नाही. नानांच्या जोडीला उद्धारापलीकडे गेलेले दुसरे पात्र शोधायचे झाले, तर आम्ही या भिंतीकडे बोट दाखवू.

आणि इथे आपल्याला जरा अवघड वाटणे साहजिक आहे. आपली घराणी या भागात आली ती कोणी गायकवाडीच्या काळात, कोणी उधना-जळगाव लोहमार्गाने नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेराकडून, कोणी यंत्रमागांच्या मागोमाग. आपल्या आजोबा-पणजोबांनी ‘हे बाहेरचे’ हा शब्द ऐकलेला आहे. कारखान्यात सुताची कोनी हरवली की आधी कोणाची पिशवी उघडली जायची, हे जुन्या मंडळींनी आम्हांस सांगितले आहे. घाशीरामावर दक्षिणेच्या गर्दीत आळ येतो तो प्रवेश वाचताना आपल्यापैकी काहींचा आवाज त्यामुळेच कापरा झाला असणार. पण त्याच मंडळींकडून चर्चेच्या ओघात ओरिसातून, उत्तर प्रदेशातून मागांवर आलेल्या कामगारांविषयी जे उद्गार निघाले, ते त्या भिंतीतल्या बाराजणांपैकी कोणाच्याही तोंडी सहज शोभले असते. कोणाला दुखवावे म्हणून आम्ही हे लिहीत नाही. नाटक आपल्याला घाशीरामाच्या जागी बसवते तितकेच भिंतीतही उभे करते, आणि दुसरी जागा आपण वाचताना वगळतो, एवढेच निदर्शनास आणायचे आहे.

शेवटी प्रयोगाविषयी एक सूचना, कारण मंडळात या नाटकातील काही प्रवेश बसविण्याचा विचार चालू आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही एक हौशी प्रयोग पाहिला. मंडळी उत्साही, गाणारे तयार, ढोलकीवाला तर उत्तमच. परंतु वेळ पुरत नाही म्हणून दिग्दर्शकांनी घाशीरामाचे शेवटचे भाषण गाळले होते. तो धिंडीत येतो, दगड पडतात, तो कोसळतो, टाळ्या. प्रेक्षक समाधानाने घरी गेला, जणू ‘कीचकवध’ पाहून निघावा तसा. आमची विनंती अशी, की वेळ कमी पडल्यास बावनखणीची एखादी लावणी कमी करावी, अग्निदिव्य आटोपते घ्यावे, पण ते भाषण पूर्ण ठेवावे. नानांची भूमिका ज्यांच्याकडे जाईल त्यांनी त्या पात्राला मिशीला पीळ भरणारा दुष्ट करू नये. पहिल्या संचात मोहन आगाशे यांचा नाना गाजला तो त्याच्या लाघवी, खेळकर चालीमुळे. तो प्रेक्षकाला आवडला पाहिजे. सही करतानासुद्धा.